दार लावून विचारायचा प्रश्न

मृत्युपत्र करायला माणूस एकटा कधी येत नाही. सोबत मुलगा असतो, नाहीतर सून, नाहीतर गावातलं कुणीतरी शहाणं माणूस, आणि बोलतं तेच. "बाबांचं म्हणणं असं आहे की..." बाबा आपले पंख्याकडे बघत बसलेले. मला याचा पूर्वीपासून राग येतो. मी म्हणतो, "बाबांना तोंड आहे ना? मग तुम्ही जरा बाहेर बसा." मुलाचा चेहरा पडतो. सून हळूच नवऱ्याचा शर्ट ओढते. मी उठतो, दार लावून घेतो, खुर्ची बाबांच्या जवळ ओढतो आणि विचारतो, "कुणी काय सांगितलं ते सोडा. तुमच्या मनात काय आहे?"

तीस-बत्तीस वर्षांच्या वकिलीत मी जे काही कमावलं ते या एका प्रश्नावर. बाकी सगळं टायपिंग.

लोकांना या कामाबद्दल फार गैरसमज. स्टॅम्प पेपर लागतो म्हणतात. लागत नाही. नोंदणी सक्तीची आहे म्हणतात. तीही नाही. वहीच्या कोऱ्या कागदावर लिहिलं तरी चालतं. लागतात ते दोन साक्षीदार. आत काय लिहिलंय हे त्यांना ठाऊक नसलं तरी बिघडत नाही. पण करणाऱ्यानं सही किंवा अंगठा केलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे, नाहीतर त्यानं स्वतः त्यांना 'हा अंगठा माझा' असं कबूल केलेलं असलं पाहिजे. मग त्यांनी त्याच्यासमोर आपापली सही करायची. हे इतकं सोपं आहे की हमखास चुकतं. लोक साक्षीदाराच्या सह्या नंतर, सवडीनं, दुकानात जाऊन घेतात. माणूस गेल्यावर तो कागद कोर्टात येतो आणि तिथं त्याच्या चिंध्या होतात. माझ्या हातून तसं कधी झालं नाही, असं मी बरीच वर्षं छाती काढून सांगत असे.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक निवृत्त मुख्याध्यापक दर दिवाळीनंतर यायचे, कारण कोणत्या सुनेनं फराळ पाठवला यावर त्यांचा मजकूर बदलायचा. चकलीवरून फ्लॅट या मुलाकडून त्या मुलाकडं गेलेला मी पाहिला आहे. एक घड्याळवाले चाचा होते. कागद तयार ठेवून मी दोन वर्षं त्यांची वाट पाहिली. दिसले की म्हणायचे, "वकीलसाब, दस्तखत किया तो मौत को दावत दिये सरीका लगता. देखो, अबी अच्छा हूँ ना मैं?" आणि पान खाऊन निघून जायचे.

माझं ऑफिस औरंगपुऱ्यात, आमच्याच घराच्या तळमजल्यावर. वर आम्ही राहतो. घर वडिलांनी बांधलेलं, दोन मजली, समोर स्कूटर लावायला जेमतेम जागा. वडील कारकून होते आणि त्यांनी स्वतः मृत्युपत्र केलं नव्हतं. ते गेल्यावर माझ्या थोरल्या बहिणीनं, कुमुदताईनं, हक्कसोडपत्रावर सही केली. आपल्याकडं रीतच आहे. बहिणीनं भावासाठी हिस्सा सोडायचा, आईनं तिला साडी नेसवायची. मसुदा मीच केला होता. जिथं जिथं सही हवी तिथं पेन्सिलनं बारीक फुल्या मारून ठेवल्या होत्या. निबंधकाच्या ऑफिसात तिनं फुल्या बघून सह्या केल्या, मजकूर वाचला नाही, आणि रिक्षानं पडेगावला आपल्या घरी गेली. सगळं अर्ध्या तासात उरकलं. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती खुलताबादची.

आठेक वर्षं झाली असतील. दिवाळी नुकतीच झालेली. ऑफिसच्या दारात एक उंच, वाळका माणूस काठी टेकून उभा राहिला. आत या म्हटलं तर आला नाही. म्हणाला, "म्हाळूदादानं बोलावलंय तुमाला. लई आजारी हाय. कागद करायचा म्हनतो. आजच चला."

हा ठकाजी. म्हाळूबाबा आणि तो जन्मभर बरोबरीनं मेंढ्या घेऊन फिरलेले. म्हाळूबाबांची खुलताबादच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला तीन एकर जमीन होती, त्यांनी स्वतः घेतलेली. जमिनीत विहीर, दोन खोल्या आणि मेंढ्यांचा वाडा. पुण्याहून आलेले लोक त्या बाजूला प्लॉट विचारत फिरायला लागले होते, म्हणजे जमिनीवरून भांडण होणार हे मला जाताजाताच कळलं.

खोलीत बाजेवर म्हाळूबाबा पडलेले. उशाशी साळूबाई, त्यांची भाची. नवऱ्यानं टाकलेली, वीस वर्षं मामाकडंच. मेंढ्या तीच राखायची, मामाचं अंथरूण-पांघरूण तीच बघायची. मुलगा भगवान वाळूजला कंपनीत. तोही येतो म्हणाला होता. गावातले डॉक्टर आधीच येऊन बसले होते, एक साक्षीदार म्हणून. दुसरा ठकाजी.

मी साळूबाईला बाहेर जायला सांगितलं. ती मुकाट्यानं गेली. दार लावलं. डॉक्टर आणि ठकाजीला कोपऱ्यात बसवलं आणि बाबांच्या कानाशी जाऊन माझा प्रश्न विचारला.

बाबांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "बापाच्या साऱ्या मेंढ्या म्या घेतल्या. बहिनीला एक कोकरू दिलं नाय. चोळी-बांगडीवर काढलं तिला. त्याच मेंढ्यांवर ही जिमीन झाली. बहीन तर गेली. आता तिच्या पोरीला द्या."

"सगळी? भगवानला काही नको?"

"त्याला नोकरी हाय, घर हाय. हिला कुनी हाय का?"

मी लिहून घेतलं. बहिणीचं वाक्य लिहिताना पेन थोडं अडखळलं, एवढं कबूल करतो.

आता कायद्याची दुसरी पायरी. माणूस शुद्धीवर आहे ना, त्याला कळतंय ना, याची खात्री करून घ्यावी लागते. माझे ठरलेले प्रश्न होते. "बाबा, आज वार कोणता?"

"वार कशाला पायजे? बाजाराला जानाऱ्यानं वार बगावा."

"मुख्यमंत्री कोण?"

"मला काय करायचंय."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. भगवाननं पुढं वकील लावला, तर त्याला याच्यापेक्षा जास्त काय हवं होतं?  उद्या कोर्टात हे प्रश्न निघाले तर म्हातारा भ्रमिष्ट ठरणार आणि साळूबाईला विहिरीचं पाणीसुद्धा मिळणार नाही, कारण भाची वारस नसते. मृत्युपत्र टिकलं तर सगळी जमीन तिची, नाहीतर वीतभरही नाही.

तेवढ्यात बाहेर, त्या दिवशी गावातल्या एका पोरानं चारायला नेलेला कळप परत आला. दिवस मावळतीला लागलेला. वाघूर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, उघडल्याचा आवाज झाला आणि मेंढ्या ओरडत आत शिरायला लागल्या. बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. पण ते ऐकत होते. शेवटची मेंढी आत गेल्यावर डोळे न उघडताच म्हणाले, "बांडी नाय आली. ठका, नाल्याकडं बग."

ठकाजी उठून, काठी घेऊन त्या बांड्या मेंढीला शोधायला निघून गेला. मी त्याला थांबवायला हवं होतं. पण म्हातारा एवढ्या ठामपणे बोलला होता की मी आपला बघतच राहिलो.

आणि मग मोटारसायकलचा आवाज. साळूबाई दाराबाहेरून ओरडली, "वकीलसाहेब, भगवान येयलाय!"

इथं माझ्यातला इतक्या वर्षांचा शहाणा वकील कुठं गेला कोण जाणे. ठकाजीची वाट बघायला हवी होती. मी वाट पाहिली नाही. शाईचा पॅड काढला, बाबांचा डावा अंगठा धरला, कागदावर उठवला. डॉक्टर बघत होते. ठकाजी नाल्यात होता. डॉक्टरांना म्हटलं, "ठकाजी आला की दोघांच्या सह्या घ्या, बाबांसमोरच." आणि मी भगवानला अडवायला बाहेर पळालो.

भगवानला मी रस्त्यावरच गाठलं. काय बोललो ते आता आठवत नाही. वडिलांना आराम करू दे, डॉक्टर तपासतायत, असलं काहीतरी. तो माझ्या खांद्यावरून खोलीकडं बघत होता. "कामून आलात तुम्ही इथं?" असं त्यानं तीनदा विचारलं. त्याच्या हातात फळांची पिशवी होती, हे मात्र लक्षात आहे. तो काही राक्षस नव्हता. पण त्या वेळी मला तो तसाच वाटत होता.

मी परत खोलीत आलो तेव्हा कागदावर दोन्ही सह्या झालेल्या होत्या. डॉक्टरांची सफाईदार, ठकाजीची एकेक अक्षर सुटं. ठकाजीच्या पायाला चिखल होता. बाबा झोपले होते. मी कागद घडी करून पिशवीत टाकला.

त्या चार-पाच मिनिटांत खोलीत काय झालं हे मी ठकाजीला विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता की मी अंगठा पाहिला नाही, आणि ते माझ्या कानांनी ऐकायची माझी तयारी नव्हती. पाच दिवसांनी म्हाळूबाबा गेले.

भगवाननं दावा लावला. अशा दाव्यांना वर्षं लागतात. मधल्या काळात डॉक्टर हार्टअ‍ॅटॅकनं गेले. म्हणजे साक्षीदार उरला एक, ठकाजी. मृत्युपत्र सिद्ध करायला दोघांपैकी एकानं तरी कोर्टात येऊन सांगावं लागतं, आणि सांगू शकणारा हा एकटा, ज्यानं अंगठा उठताना पाहिलाच नव्हता. साळूबाईची केस माझ्याकडं पूर्वी शिकलेल्या एक वकीलबाई चालवत होत्या. त्यांनाही मी हे सांगितलं नाही. साळूबाई मात्र दर तारखेला यायची, कोर्टाच्या पायरीवर बसायची आणि मला बघितलं की उठून उभी राहायची. "साहेब, तुमी हाय म्हनून मला घोर नाय," म्हणायची. 

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी ठकाजीला ऑफिसात बोलावलं. या वेळी तो आत आला. मी दार लावलं. खुर्ची जवळ ओढली. सगळं नेहमीसारखं. पण प्रश्न विचारला नाही.

"ठकाजीबुवा, उद्या वकील विचारील की अंगठा उठवताना तुम्ही कुठं होतात. तुम्ही सांगायचं, खोलीतच होतो. एवढंच."

तो माझ्याकडं बघत राहिला. "म्या तर नाल्यात व्हतो, साहेब. बांडी काट्यात अडकली व्हती."

"ते मला माहीत आहे. पण तसं सांगितलंत तर साळूबाईची जमीन गेली. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

ठकाजी उठला. काठी उचलली आणि दार उघडून गेला. वरून माझी बायको चहा घेऊन आली, तर ऑफिसात मी एकटाच. ती म्हणाली, "चेहरा असा का झालाय तुमचा?" मी तिच्यावर खेकसलो. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टाच्या शेवटच्या बाकावर बसलो. ठकाजीनं धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला फेटा. शपथ घेतली. आमच्या वकीलबाईंनी कागदावरची सही दाखवली. माझीच हाय, म्हणाला. मग भगवानचे वकील उठले. मला त्यांची पद्धत माहीत होती. आधी गोड बोलणार.

"ठकाजी, म्हाळूबाबांनी कागदावर अंगठा उठवला तो तुम्ही पाहिला का?"

ठकाजीनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"नाय."

"नाही? मग कुठं होतात?"

"नाल्यात."

कोर्टात हशा पिकला. वकिलांनी हात पसरून न्यायाधीशांकडं पाहिलं, "झालं माझं," म्हणाले आणि बसले. आमच्या वकीलबाईंचा चेहरा पांढराफटक. बाकाच्या टोकाला साळूबाई बसली होती. काय झालं ते तिला नीट कळलं नव्हतं, ती सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती. मला वाटलं, उठून ओरडावं, चूक माझी आहे, या बाईची नाही. पण उठलो नाही. बाक धरून बसून राहिलो.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. वयानं तरुण होते, पण त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी इतक्या वर्षांत विचारला नव्हता.

"पाहिलं नाहीत, तर मग सही का केलीत?"

"दादानं सांगितलं म्हनून," ठकाजी म्हणाला. "म्या बांडीला घेऊन आलो. दादाला सांगितलं, सापडली. तर दादानं असा अंगठा वर केला. निळा व्हता शाईनं. म्हनला, 'ठका, ह्यो बग, म्याबी केला अंगठा. साळूला दिली जिमीन. आता तू सही कर.' मग डाक्टरनं केली, आन् म्या केली. दादा बगत व्हता."

 न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "त्यांना कळत होतं का सगळं? शुद्धीवर होते?"

ठकाजीला या प्रश्नाचं नवल वाटलं. "साहेब, डोळे झाकून पडल्या जागेवरून त्यानं सांगितलं, बांडी नाय आली. आन् नव्हतीच आली. आनखी काय कळायला पायजे मानसाला?"

मी वकील आहे, मला हे त्या क्षणीच कळायला हवं होतं. 'पाहिलेलं असावं, नाहीतर त्यानं स्वतः कबूल केलेलं असावं.' नियमाचा हा दुसरा अर्धा भाग मी शेकडो लोकांना समजावून सांगितला आहे. म्हाळूबाबांनी निळा अंगठा वर करून तो पुरा केला होता. आणि ठकाजी मी शिकवलेलं बोलला असता, तर भगवानच्या वकिलांनी तो चिखल, ती मेंढी, तो नाला असं एकेक विचारून त्याला दहा मिनिटांत खोटा पाडला असता. मग खोट्या साक्षीदारानं सांगितलेल्या निळ्या अंगठ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. साळूबाईची जमीन मीच घालवली असती.

निकाल पुढं दोन महिन्यांनी लागला. मृत्युपत्र खरं ठरलं. साळूबाई पायरीवर बसून रडली आणि मग माझ्या पाया पडायला लागली. मी मागं सरकलो. भगवान तिच्याशी न बोलता निघून गेला, याचंही वाईट वाटलं.

पण त्या साक्षीच्या दिवशीच, कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर, मी ठकाजीला गाठलं होतं. म्हटलं, "बुवा, हे सगळं तुम्ही मला काल का नाही सांगितलं?"

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. रागावलेला नव्हता.

"तुमी इचारलंच नाय, साहेब. काय बोलायचं ते सांगितलं नुस्तं."

मग कप खाली ठेवून म्हणाला, "दादाला बहिनीचं लई लागलं व्हतं. ती जिती असताना दिलं असतं तर बरं झालं असतं, म्हनायचा. तुमाला बहीन हाय का?"

"आहे," मी म्हणालो. "पडेगावला."

"जिती हाय नव्हं? मग बरं हाय," असं म्हणून तो बसस्टँडकडं चालायला लागला.

त्यानंतर महिनाभर मी कुणाचं मृत्युपत्र केलं नाही. गिऱ्हाईक आलं की उद्या या म्हणायचो. बायकोला सगळं सांगितलं. ती फार बोलत नाही. एवढंच म्हणाली, "ताईंना बोलावून घ्या."

मी तयारीला लागलो. मेल्यावर मिळणारं नको, आत्ताच. बक्षीसपत्राचा मसुदा केला, वरचा मजला कुमुदताईच्या नावे. आम्ही दोघं खाली, ऑफिसमागच्या खोल्यांत येऊ असं ठरवलं. सहा पानं झाली. दोनदा तपासली. मनाला जरा हलकं वाटलं, नव्हे, थोडा अभिमानच वाटला.

ताई एका सकाळी आली. गुडघे दुखतात तिचे, ऑफिसच्या दोन-चार पायऱ्या चढतानाही कठडा धरावा लागतो. अशिलाच्या खुर्चीत बसवली. तिला म्हटलं, "ताई, तुझ्या हक्काचं आहे ते देतोय. इतकी वर्षं लागली, चुकलं माझं." तिचे डोळे भरून आले. मी कागद तिच्यापुढं सरकवला आणि पेन दिलं.

तिनं पेन घेतलं नाही. पर्समधून चष्मा काढला. पहिलं पान हातात धरून बघत राहिली. मग म्हणाली, "अरुण, खोडरबर आहे?"

मला कळेना. दिलं. पानाच्या खाली उजव्या कोपऱ्यात सवयीनं मी पेन्सिलची फुली मारलेली होती. सहाही पानांवर. तिनं एकेक पान उलटून सगळ्या फुल्या खोडल्या, रबराचे कण हातानं झटकले आणि पहिल्यापासून वाचायला लागली. दोन अशील येऊन दारातून डोकावले. मी त्यांना हातानंच थांबायला सांगितलं. ती सावकाश, ओठ हलवत वाचत होती. तिचं वाचून होईपर्यंत मी नुसता बसून होतो.

तिसऱ्या पानावर ती थांबली. बोट ठेवलं.

"वरचा मजला मला. हे कुणी ठरवलं?"

"मी."

"माझे गुडघे बघितलेस तू, आत्ता चढताना?"

मी त्या तिसऱ्या पानाकडं बघत राहिलो.

"त्या वेळी सगळं तूच ठरवलं होतंस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आताही तूच ठरवलंस. लोकांना विचारतोस ना काहीतरी? मला विचार."

बाहेर अशील बसले होते, वर बायको जिन्यात उभी असणार, हे मला माहीत होतं. मी उठलो, दार लावून घेतलं आणि खुर्ची तिच्या जवळ ओढली.